मुनियाचा घास

डॉक्टर मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "टायफॉइड आहे. बरा होईल. पण नंतर भूक परत यायला वेळ लागतो, तेव्हा धीर सोडू नका." त्यातलं 'बरा होईल' एवढंच मी ऐकलं. रेवा माझ्या मांडीवर तापाने तापलेली होती. चार वर्षांच्या पोरीला दुसरं काही होऊ शकतं हे ऐकायची माझी तयारीच नव्हती.

ज्यांच्या घरात लहान मूल आजारातून उठलंय आणि ताटाकडे बघतही नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला काय समजलं ते सांगते. काय समजलं नाही, तेही सांगते.

रेवाला रायपूरच्याच एका दवाखान्यात दाखल केलं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं, म्हणजे जंतू मारणारं औषध. ताप उतरायला लागल्यावर मऊ खिचडी द्यायला सांगितलं. रेवाला भरवणं म्हणजे माझं जुनंच काम. हा घास काऊचा, हा घास चिऊचा. आमच्याकडे पोरं अशीच जेवतात. घास दुसऱ्याच्या नावाचा आणि पोट आपलं. पण दवाखान्यात काऊ-चिऊ चालेनात. ती मान फिरवून शेजारच्या खाटेकडे बघत राहायची.

त्या खाटेवर मुनिया होती. रेवाच्याच वयाची, गावाकडून आणलेली. तिच्या खाटेला 'निल बाय माउथ' अशी पाटी होती. म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. तिची आई पायाशी बसलेली असायची. काहीही विचारलं की "हव", म्हणजे 'हो', एवढंच म्हणायची.

एकदा कंटाळून मी म्हटलं, "हा घास मुनियाचा." रेवाने लगेच तोंड उघडलं. मला हायसं वाटलं. मग काय, सगळी खिचडीच मुनियाच्या नावाने जायला लागली. तेव्हा एक गोष्ट मला दिसत होती, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. रेवाने तोंड उघडलं की पलीकडे मुनियाचंही तोंड उघडायचं. रेवाने गिळलं की तीही गिळायची.

एका सकाळी मुनियाची खाट रिकामी होती. चादर बदललेली, पाटी काढलेली. सिस्टरला विचारलं तर म्हणाली, "घरवाले ले गए." कुठे, कशासाठी, तिला माहीत नव्हतं. त्याच दिवशी आम्हालाही सुट्टी मिळाली आणि आम्ही चौबे कॉलोनीत घरी आलो.

घरी आल्यावर रेवाने जेवण सोडलं. ताप नाही, उलटी नाही, तोंडही आलेलं नाही. फक्त ओठ घट्ट मिटलेले. वरण-भात, शिरा, दही, तिला आवडणारी साबुदाण्याची खीर, सगळं करून झालं. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्या जळल्या आणि कुणाला ठसका लागला नाही, तेव्हा म्हणाल्या, "पाहाय, किती जबर लागली होती पोट्टीले." मिरच्या मागच्या वर्षीच्या होत्या.

डॉक्टर मॅडमनी वजन केलं आणि त्यांचा चेहरा बदलला. जबरदस्ती करू नका, म्हणाल्या. थोडं थोडं द्या, दुधाने पोट भरवू नका, तिच्या हाताने खाऊ द्या. लघवी कमी झाली किंवा मूल सुस्त पडलं, तर थांबू नका. पुढच्या वेळी वजन आणखी उतरलेलं दिसलं, तर दाखल करून रायल्स ट्यूब घालावी लागेल. ही नाकातून पोटात जाणारी नळी असते. ती नळी मी दवाखान्यात पाहिली होती. मुनियाच्या नाकात.

त्यानंतर मी रेवाला नुसती बघत राहायचे. तेव्हा दिसलं की जेवायला बसताना ती खुर्चीच्या कडेला सरकते. निम्मी खुर्ची मोकळी ठेवते. दुपारी कूलरची घरघर तेवढी चालू असायची, आणि त्या आवाजाखाली ती पुटपुटत असायची. एकदा दाराशी उभी राहून ऐकलं. भाताचा घास मोकळ्या जागेपुढे धरून ती म्हणत होती, "हा घास मुनियाचा." थांबायची, वाट बघायची, हात खाली घ्यायची.

मी आत गेले आणि विचारलं, कोण आहे तिथे?

"मुनिया," रेवा म्हणाली. "खा नहीं रही. उसका सब खाना मैंने खा लिया."

मुनिया घरी गेली, बरी झाली, असं मी सांगून पाहिलं. रेवाने खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आईला एवढंही दिसत नाही, असा तो चेहरा होता.

मी डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, वाद घालू नका, तिला वाटतंय ते तिच्यासाठी खरं आहे. दोघींना वाढा.

दुसऱ्या दिवशी मी दोन वाट्या ठेवल्या. पहिली मोकळ्या जागेसमोर सारली. म्हटलं, "हे मुनियाचं. यातलं कुणी घेणार नाही." मग दुसऱ्या वाटीतला घास उचलला. "हा घास रेवाचा." तिच्या नावाचा घास मी तिला कधी दिलाच नव्हता. ती बराच वेळ पहिल्या वाटीकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

जेवण झाल्यावर सासूबाई मुनियाची वाटी घेऊन गच्चीकडे निघाल्या. कठड्यावर, कावळ्यासाठी. गेलेल्यांचं पान तसं ठेवतात. मी वाटी धरली आणि म्हटलं, "तिथे नाही. ती पोरगी जिवंत आहे."

"तुले काय माहीत?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "दवाखान्यात फोन करून विचार न मंग."

मी फोन केला नाही. वाटी टेबलावरच ठेवली.

मग रोज दोन वाट्या. संध्याकाळी मुनियाची तशीच असायची, भात सुकलेला. रेवा मात्र खात होती. आधी चाटून, मग मागून. वजन उतरायचं थांबलं, मग चढलं. नळी टळली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता काळजी नाही." आणि मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

एका दुपारी रेवा खुर्चीच्या मधोमध बसली. मी मुनिया कुठे म्हणून विचारलं.

"चली गई. पेट भर गया उसका."

वाटी रिकामी होती. पुसल्यासारखी. रेवाने खाल्लं असेल. असेलच. मी विचारलं नाही.

तुमच्या मुलाची भूक परत येईल. घास त्याच्या नावाने द्या, आणि मूल जे बोलतं ते ऐका, अंगावर काटा आला तरी. दवाखान्यातल्या त्या दिवसांत माझी पोर दुसऱ्या एका उपाशी पोरीच्या नावावर जगली. तिचे आभार मानायला माझ्याकडे पत्ता नाही.

परवा मी एकटीच जेवत होते. अर्धं जेवण झाल्यावर लक्षात आलं की मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले आहे. मी परत मधे सरकले नाही. तशीच जेवले.