न गेलेल्यांचे कोट

मास्तरांच्या घरात कपाट एकच होतं आणि त्यात त्यांच्या बायकोचे कपडे ठेवायला जागा नव्हती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कात्री-टेपवाले. खाली दुकान, वर घर. शेजारपाजारचे देश मिळून दर चार वर्षांनी क्रीडास्पर्धा भरवत. उद्घाटनाच्या संचलनात आपल्या देशाचा चमू जे निळे कोट घालून मैदानात शिरे, ते पहिल्या स्पर्धेपासून मास्तरांनीच शिवले होते. कपाटातले कोट मात्र गेलेल्यांचे नव्हते. माप देऊन, कोट तयार झाल्यावर ऐनवेळी ज्यांची नावं कापली गेली, त्यांचे होते.

"आमच्या कपाटात एक कुस्तीगीर, दोन धावपटू आणि एक भालाफेकवाला राहतो," बायको आल्यागेल्याला सांगे. "चौघंही स्वभावाने गरीब. डांबराच्या गोळ्या तेवढ्या लागतात."

मास्तर ते कोट विकत नसत की उसवत नसत. माणूस एक ना एक दिवस येईल आणि आपला कोट मागेल, अशी त्यांना वेडी आशा होती. अजून कोणी फिरकलं नव्हतं.

आपल्या देशाची या स्पर्धांमधली कामगिरी सांगण्यासारखी थोडी आणि झाकण्यासारखी पुष्कळ. पहिल्या खेपेला खेळाडूंपेक्षा पदाधिकारीच जास्त गेले. जलतरणपटू होता तो नदीत शिकलेला. तलाव बघून तो पंचांना विचारत बसला की पाणी वाहतं कुठल्या बाजूला, आणि तोवर शर्यत आटोपली. पुढे एकदा चालण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळालं. पुढचे बहुतेक जण पळताना पकडले गेले होते आणि आमचा गडी इतका दमला होता की त्याला पळणं शक्यच नव्हतं. ते देशाचं एकमेव पदक. त्याच्या नावाने चौक झाला.

पण सगळ्यात गाजली ती दुसरी खेप. कापड कमी पडलं म्हणून क्रीडा संघटनेच्या तेव्हाच्या सचिवांनी उरलेलं भलतीकडून आणलं. मास्तर नको नको म्हणत असताना निम्मे कोट गडद झाले, निम्मे फिके. मैदानातल्या निवेदकाला वाटलं, हे दोन देश आहेत. पुढच्या रांगांना त्याने आपल्या देशाचं नाव दिलं आणि मागच्यांना शेजारच्या बेटाचं. बेटवाले इतके चिडले की त्यांनी जेवणावर बहिष्कार टाकला. त्या मागच्या रांगेत लष्करातला एक तरुण नेमबाज होता. तो पुढे संघटनेचा अध्यक्ष झाला आणि त्याने एकच नियम घालून दिला. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी कोट घालून फोटोला उभं राहायचं. ज्याचा कोट नीट, तो विमानात. बटण लोंबत असेल तर माणूस घरी. बाकीच्या बाबतीत अध्यक्ष झोपलेले असत, म्हणून नावं कापण्याचं काम सचिव निवांत करत.

या वर्षी चमूत गोळाफेकीसाठी एक पोरगी होती. मास्तरांच्या रोजच्या बघण्यातली. गॅसच्या एजन्सीत कामाला, भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन ती जिने चढायची आणि वर पोचल्यावर दम न लागता विचारायची, "काकू, कुठे ठेवू?" मास्तरांनी तिचं माप घेतलं आणि खुशीत आले. असे खांदे त्यांना जन्मात मिळाले नव्हते. त्यातून सिलिंडरने उजवा खांदा जरा दबलेला. मास्तरांनी त्या बाजूला आतून पातळ गादी भरली, काखेतून दोनदा उसवून पुन्हा लावलं, आणि कोट असा बसला की पोरगी आरशासमोरून हलेना.

"काका, मी यात साहेबीण दिसतेय."

"दिसायचंच. हात वर करून बघ. ओढतोय कुठे?"

"नाही हो. मजेत आहे हात."

फोटोच्या दोन दिवस आधी सचिव दुकानात आले. स्टुलावर बसले आणि रुमालाने मान पुसत म्हणाले, "मास्तर, एक छोटासा बदल आहे. ती गोळाफेकवाली काही जात नाही. तिच्या जागी सहायक व्यवस्थापक चाललेत."

"कोण?"

"आमचे मेहुणे. अंगाने तिच्याएवढेच आहेत. तोच कोट जरा इकडेतिकडे करून द्या."

"साहेब, तो कोट तिच्या खांद्याचा आहे. दुसऱ्याच्या अंगावर रडेल."

"कापडच आहे हो. उसवा आणि शिवा."

सचिव गेले. मास्तरांचं डोकं भणभणलं. कपाटातले चौघे त्यांना आठवले. तेव्हाही कुणीतरी याच स्टुलावर बसून छोटासा बदल सांगितला होता आणि आपण मान डोलावली होती. त्यांनी ठरवलं, पाचवा भाडेकरू ठेवायचा नाही. पोरीच्या कोटाला कात्री लावायची नाही. उरलेल्या कापडातून मेहुण्यांचा वेगळा कोट करायचा आणि तो इतका वाईट करायचा की अध्यक्षांनी त्यांना फोटोला उभंच करू नये.

ठरवणं सोपं होतं. मास्तरांनी बाही तिरकी लावली, चहा प्यायला उठले, परत आले आणि हाताने आपोआप ती उसवून सरळ केली. कॉलर वाकडी घेतली, तर टीप मारता मारता ती सरळ झाली. संपूर्ण सकाळ झटून त्यांनी जो बिघडवला, तो कोट कुणीही लग्नात घातला असता.

"जमत नाही गं," ते बायकोला म्हणाले. "हात ऐकत नाही. तू बस मशीनवर."

बायको बघतच राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला मशीनला हात लावू दिला नव्हता. एकदा उशीचा अभ्रा शिवला होता, तर मास्तरांनी तो चारचौघांत दाखवून हसं केलं होतं.

"म्हणजे बिघडवायचं असलं की मी," ती म्हणाली.

"तसं नाही..."

"तसंच आहे. सरका."

आणि तिने पदर खोचला, चष्मा लावला, आणि अपमानाने लाल होऊन असा निश्चय केला की या माणसाला दाखवूनच द्यायचं. दुपारभर तिने जीव ओतून, जीभ दाताखाली धरून, एकेक टीप मोजून कोट शिवला. त्यामुळे तो हवा तस्सा झाला.

फोटोच्या दिवशी कोटांचा गठ्ठा उचलायला मास्तरांनी पोरीलाच बरोबर घेतलं. नाव कापलं गेल्याचं तिला कळलं होतं. मास्तरांनी आपला बेत तिला सांगितला नाही. घडलं नाही तर उगाच आशेला लावल्याचं पाप.

संघटनेच्या अंगणात रांग लागली. मेहुण्यांनी कोट चढवला. नुसते उभे होते तोवर निभावलं, फक्त एक बाही दुसरीपेक्षा लवकर संपत होती. पण अध्यक्षांना संचलनातल्यासारखे हात हलवून हवे होते. "लोकांना अभिवादन करा!" त्यांनी हुकूम सोडला. मेहुण्यांनी हात वर केला तसा अख्खा कोट हाताबरोबर वर गेला, कॉलर कानांवर बसली, आणि पाठीत टर्र असा आवाज झाला.

अध्यक्ष पूर्ण जागे झाले.

"हा कुठल्या देशाचा?"

अध्यक्षांनी कोटाची फाटलेली पाठ काठीने दाखवली. "मास्तर, हे तुमच्या हातचं?"

अंगणात सगळे होते. मास्तरांचं नाव या गावात त्या हातावरच चालत होतं.

"हो. माझ्याच हातचं."

"पुढच्या खेपेला तयार कपड्यांच्या दुकानातून घेऊ," सचिव दातओठ खात म्हणाले.

"घ्या," मास्तर म्हणाले आणि गठ्ठ्याच्या तळातून शेवटचा कोट काढला. "पण एक नीट झालाय. तिचा आहे."

पोरीने गठ्ठ्याचं रिकामं फडकं खाली ठेवून कोट घातला आणि हात वर केला. कोट जागचा हलला नाही.

"हिचं नाव कापलेलं आहे, साहेब," सचिव म्हणाले.

"कोट नीट आहे. उभी राहा," अध्यक्ष म्हणाले, आणि फोटो निघाला.

घरी बायको दारातच उभी होती. "बसला का हो माझा?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या कोटाने आज जे केलं ते माझ्या एकाही कोटाला जमलं नाही," ते म्हणाले, आणि ते शब्दशः खरं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी दोघं टीव्हीसमोर बसली. दर खेपेला मास्तर नुसत्या कोटांकडे बघत, कुणाची बाही आखूड, कुणाचा खांदा चढला म्हणून कुरकुरत, आणि आपला देश पुढे सरकला की टीव्ही बंद करत. खेळांत बघण्यासारखं काही नसे. या वेळी निवेदकाने एका दमात देशाचं नाव उरकलं. कडेला पोरगी होती. तिने हात वर केला, अगदी मजेत, आणि हसली. मग देश पुढे सरकला.

"खांदा कसा बसला होता हो?" बायकोने विचारलं.

मास्तर डोळे पुसत होते.

"बघायचाच राहिला," ते म्हणाले. "बंद नको करू. गोळाफेक कधी आहे?"