मांडीवरचा करंट

माझं हृदय कमजोर झालं आणि त्यामागोमाग पायही गेले. मांड्या काठ्यांसारख्या झाल्या. खुर्चीतून उठायचं तर सून काखांत हात घालून उचलायची. न्हाणीतही तीच न्यायची. मला ते सहन होत नव्हतं.

चाललं की दम लागायचा, आणि चालल्याशिवाय पायांत जोर येत नाही. म्हणून डॉक्टरांनी मांड्यांना करंट द्यायला सांगितलं. बसल्या जागी स्नायू आवळतात, हृदयाला फार ताण पडत नाही म्हणाले. मला करंटचं नावही नको होतं. माझा धाकटा दीर बागेतला पंप चालू करताना शॉक लागून गेला. त्याचा जळालेला हात मी पाहिलेला आहे.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई घरी आल्या. मशीन मिसरीच्या डबीहून थोडं मोठं.

"आजी, छातीत पेसमेकर बसवलेला नाही ना?"

"नाही. असता तर?"

"तर मोठ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे लावलं नसतं."

माझी भीती आणखी वाढली. मी रबरी चपला घालून पाय लाकडी पाटावर ठेवले.

"आजी, हे बॅटरीवर चालतं."

"असूदे. करंट तो करंट."

सून म्हणाली, "आई, हातमोजे पण आणू?"

"तू गप गो. आधी तुझ्या मांडीला लावून बघ."

बाईंनी मांड्यांवर चिकटपट्ट्या लावल्या, बटण फिरवलं. मुंग्या आल्या, मग मांडी आपली आपण आवळली. मी हलवत नव्हते आणि ती हलत होती. तेवढ्यात सुया टोचल्यासारखी आग झाली. मला ओरडताही येईना. छाती धडधडायला लागली. दीरही असाच आवाज न करता गेला होता. वाटलं, संपलं.

बाईंनी मशीन बंद करून नाडी धरली. मग पट्टी पाहिली. ती अर्धी सुटली होती.

"आजी, पायांना काय लावलंय?"

"खोबरेल."

रोज सकाळी पायांना खोबरेल चोळल्याशिवाय मी चहा घेत नाही. त्या दिवशी परकं माणूस पाय बघणार म्हणून जास्तच चोळलं होतं. तेलावर पट्टी धरत नाही, आणि जेवढी धरते तेवढ्याच जागी करंट टोचतो. सुनेने साबणाने मांड्या घासल्या.

"टोप घासतेस काय गो?"

"आज राहू दे का?" बाईंनी विचारलं.

सून कमरेवर हात दाबून उठत होती. कंबर दुखते असं ती कधी बोलत नाही.

"लावा," मी म्हटलं.

तेव्हापासून चालू आहे. बाई बटणाला हात लावतात तेव्हा मी अजून डोळे मिटते.

परवा सून मागीलदारी कपडे वाळत घालत होती. मला न्हाणीत जायचं होतं. खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठले. पाय थरथरत होते. भिंत धरून गेले, भिंत धरून परत आले. दारात सून उभी.

"हाक नाही मारायची? पडला असतात म्हणजे?"

"पडले असते तर मारली असती."