गोडंबीला जपानीत काय म्हणतात?

"लाडवात काजू नव्हते हो ताई, एकही नाही," मंजिरी मला पुन्हा म्हणाली.

ओसाकातल्या एका हॉस्पिटलच्या तपासणीच्या खोलीत तिची सहा वर्षांची ईरा आजीला टेकून बसली होती. दुपारी आजीच्या हातचा लाडू खाल्ल्यापासून तिला उलट्या होत होत्या. ओठांभोवती थोडे लाल चट्टे होते. तिचे वडील क्लायंटकडे नागोयाला गेलेले.

मी तिथली मेडिकल इंटरप्रिटर, म्हणजे दुभाषी. पेशंटचं म्हणणं डॉक्टरांना जपानीत सांगायचं, डॉक्टरांचं पेशंटला मराठीत किंवा हिंदीत. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हा पहिला नियम.

ईराला काजूची ॲलर्जी होती. त्यामुळे हायाशी-सेन्सेईंनी, म्हणजे डॉक्टरांनी, आधी तेच विचारलं होतं. काजूचं भाषांतर सोपं. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचा हा शब्द पोर्तुगीजांनी उचलला. गोव्याकडून तो आपल्याकडे काजू म्हणून आला आणि इंग्रजीतून जपानीत 'काश्यू' झाला. मंजिरी नाही म्हणाली, मी नाही सांगितलं. ईराच्या शाळेत पोटाची साथ चालू होती. सेन्सेईंनी औषध लिहून दिलं, घरी न्या म्हणाले आणि शेजारच्या खोलीत गेले.

तेवढ्यात मंजिरी सहज बोलून गेली, "आईंनी मुद्दाम काजूऐवजी गोडंबी घातली होती."

मी थांबले. गोडंबी मी लहानपणी डिंकाच्या लाडवात खाल्ली होती. ती कशाची असते, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. नर्सला सांगितलं, एक पदार्थ सांगायचा राहिलाय, सेन्सेईंना परत बोलवा. पण ते आल्यावर मी काय सांगणार होते? नुसतं 'एक बी' म्हटलं तर तीळही बीच.

"काकू, गोडंबी कशाची?" मी ईराच्या आजीला विचारलं.

"बिब्ब्याची. बिब्बा फोडून आतला गर काढतात." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "का गं? त्यानं काही होतं का?"

मी फोन काढला. बिब्बा म्हटल्यावर मला आठवलं ते त्याचं काळं तेल. धोबी त्यानं कपड्यांवर खुणा करायचे आणि अंगाला लागलं की फोड यायचे. त्यावर बिब्बा शोधला, जपानीत काही मिळेना. हिंदीत भिलावा. भिलावा आला संस्कृत भल्लातकावरून. भल्लातक आयुर्वेदिक झाडांच्या यादीत सापडलं आणि पुढे त्याचं लॅटिन नाव: सेमेकार्पस अनाकार्डियम. अनाकार्डियम म्हणजे हृदयासारखं. युरोपातले जुने वैद्य बिब्ब्यालाच अनाकार्डियम म्हणायचे. पुढे तेच नाव काजूच्या झाडाला दिलं गेलं.

नावं सारखी म्हणून झाडं सारखी असतातच असं नाही, हे मला माहीत होतं. पण ही तशी असली तर? त्या लॅटिन नावावरून मी जपानी नाव शोधायला लागले. ईरा आता रडतही नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

जपानी नाव मिळालं: सुमी-उरुशी. शाईचा उरुशी. उरुशी म्हणजे ज्याच्या चिकापासून जपानी लाखेची भांडी रंगवतात ते झाड. त्याला हात लावला की अंगावर पुरळ उठतं, हे इथे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

सेन्सेई दारात आले. मी म्हटलं, "काजू नव्हते. पण सुमी-उरुशीची बी होती."

"उरुशी?" ते खुर्चीपर्यंत गेलेच नाहीत. "उरुशी आणि काजू एकाच कुळातले. तिला घरी पाठवू नका."

नर्स मॉनिटर लावत होती तेव्हा ईरा मला म्हणाली, "नोदो, कायुई." घसा खाजतोय. आजीला ते समजलं नाही. मला समजलं आणि सेन्सेईंनाही. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. त्यांनी लगेच तिच्या मांडीत ॲड्रेनालीनचं इंजेक्शन दिलं. मंजिरीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मला फोन खाली ठेवता येईना. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

श्वास मोकळा व्हायला वेळ लागला.

ईराला निरीक्षणासाठी ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. काकूंनी मला विचारलं, "सगळ्यांनाच देत आले गं मी हे लाडू. मला कसं कळणार होतं?" सेन्सेईंना विचारून मी उत्तर दिलं, तेही त्यांच्याच शब्दांत: कळायला काही मार्ग नव्हता. घरी निघालेली ईरा त्या वेळी ट्रेनमध्ये असती तर काय झालं असतं, हे काकूंना कोणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. ते माझ्या पदरचं झालं असतं.

आता पेशंटनं खाण्याच्या वस्तूचं नाव सांगितलं की मी आधी विचारते, हे कुठल्या झाडाचं? लोकांना तो प्रश्न विचित्र वाटतो. वाटू दे.