घोट्यावरचं तेल

दहावीच्या पेपरला तीन तास वर्ग सोडता येत नाही, म्हणून आदल्या वर्षी मी पर्यवेक्षण टाळलं होतं. लघवीची घाई झाली की दार गाठेपर्यंत मला दम निघत नसे. बदनापूरच्या आमच्या शाळेत सांगितलं, चक्कर येते. त्या खोट्याचा माझा मलाच राग आला. पुढच्या परीक्षेला उभी राहणारच, असं ठरवून मी जालन्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

तपासण्या करून त्यांनी घरी वापरायचं एक छोटं मशीन दिलं. घोट्याच्या आतल्या बाजूला दोन चिकट पट्ट्या लावायच्या आणि तिथल्या नसेला अर्धा तास बारीक करंट द्यायचा. त्यानं मूत्राशयाला आवर बसतो. "पायाचा अंगठा हलला की समजा, बराबर लागलं. तीन महिने नेट धरा," त्या म्हणाल्या.

सासूबाईंना मी सांगितलं, घोटा दुखतो म्हणून मशीन आहे. तिथंच फसले. दिवेलागणीला त्या करडईचं तेल कोमट करून आणायच्या आणि माझा पाय मांडीवर घेऊन चोळायच्या. इतक्या मायेनं, की नको म्हणवेना. मग पट्ट्या निसटायच्या, अंगठा ढिम्म हलायचा नाही. तीन आठवडे मी मशीनलाच शिव्या घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी घोट्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "तेल लावता?" त्या संध्याकाळी मी सासूबाईंना थांबवलं. "आत्याबाई, घोटा धडधाकट आहे. मला लघवी आवरत नाही."

त्यांनी वाटी खाली ठेवली, कोमट पाणी आणि साबण आणून स्वतः माझा घोटा धुतला. "आधी सांगायला काय झाल्तं?" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी अंगठा हलला.

नंतर एकही दिवस चुकवला नाही. त्रास गेला नाही, पण कमी झाला. पेपरच्या दिवशी अडीच तासांनी घाई झालीच. मी खिडकीपाशी उभी राहून सावकाश श्वास सोडत राहिले आणि ती ओसरली. शेवटची उत्तरपत्रिका घेऊनच वर्गाबाहेर पडले.

घरी पोचले तर सासूबाई दारातच होत्या. "निभलं का माय?"

"निभलं."

त्या जराशा घुटमळल्या. "त्या डॉक्टरीणबाईला इचार, सत्तरीच्या बाईलाबी लावता येतं का. पंधरा वर्षं झाली, म्या माहेरी मुक्कामाला गेले न्हाई."

आम्ही सगळे समजत होतो, त्यांचं भावाशी बिनसलंय. मी चप्पल न काढताच दवाखान्यात फोन लावला.