चाक कुणीकडे फिरतं

चाकदादांच्या हातात बरणी द्यायची नाही, असा त्या घरात नियमच पडून गेला होता. दिली की संपलंच. झाकण हाती आलं रे आलं, की म्हातारा आधी ते उजवीकडे असं काही आवळायचा, की नंतर सुनेला फडकं गुंडाळून, गरम पाणी ओतून, दोनदा देवाचं नाव घेऊन ते सोडवावं लागे. बाथरूमच्या नळाचीही तीच गत. उघडायचा असला तरी आधी घट्ट करणार आणि मग जीभ चावून उलट फिरवणार. वर्षातून दोन वायसर त्यांच्या नावावर खर्ची पडायचे. नात खिदळायची, सून हसून हसून डोळे पुसायची. चाकदादाही हसायचे. "हातच वेडे आहेत माझे," म्हणायचे. हात असे वेडे का झाले, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

तीस वर्षं त्यांनी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या धरणावर नोकरी केली. पाच दरवाजे, पाच चाकं. एकेक चाक बैलगाडीच्या चाकाएवढं, लोखंडी, हिवाळ्यात हात लावला की कातडी चिकटेल असं गार. एका फेऱ्याला दरवाजा दोन बोटं वर जायचा. फेरे मोठ्याने मोजायचे, हा तिथला शिरस्ता, कारण चुकला आकडा की खाली कुणाच्या तरी दारात पाणी. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी म्हातारा जिना चढताना ओठांतल्या ओठांत मोजायचा. म्हणून सगळे चाकदादा म्हणायचे; खरं नाव रेशनकार्डावर तेवढं उरलं होतं.

आणि लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे. त्याला कारण होती ती सून.

ती चाकदादांच्या जोडीदाराची मुलगी. जोडीदार म्हणजे धरणावरचा दुसरा माणूस. दोघांचे डबे एकाच खुंटीला टांगलेले असायचे. एकोणतीस वर्षांपूर्वी भर दुपारी बारा वाजता तीन नंबरचा दरवाजा भोंगा न वाजवता उघडला गेला. पात्रात कपडे धुणाऱ्या चार बायका आणि गुरांना पाणी पाजायला आलेला एक म्हातारा, अशी पाच माणसं गेली. समोरच्या काठावरून एका दुकानदाराने जोडीदाराला चाकापाशी पाहिलं. वेड्यासारखा चाक फिरवत होता म्हणाला. जोडीदाराला सात वर्षांची शिक्षा झाली. नऊ वर्षांची ती पोर मावशीकडे वाढली. खुन्याची पोरगी म्हणून शाळेत तिच्या बाकावर कुणी बसेना, पुढे लग्नाला स्थळ मिळेना. तेव्हा चाकदादा स्वतः तिच्या मावशीच्या दारात गेले आणि म्हणाले, "पोर माझ्या मुलाला द्या." गाव थक्क झालं. असं मन लाखात एकाचं, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. ते ऐकलं की चाकदादा उठून आत जायचे. लोकांना वाटायचं, काय हा विनय!

विनय कसला डोंबलाचा.

आता या सगळ्यात जलकाळ म्हणून एक प्रकरण कुठून आलं ते सांगते. चाकदादांचा मुलगा नोकरीला परगावी; नात चौदा वर्षांची, आणि घरात तिला टकळी म्हणायचे, कारण तोंड एकदा चालू झालं की थांबायचं नाही. तिला कॉमिकचं वेड. त्या कॉमिकातला खलनायक म्हणजे हा जलकाळ; काळा रेनकोट, डोळ्यांवर मुखवटा, आणि अख्खं शहर बुडवून बसलेला. शहर का बुडवलं, ते बारा पुस्तकांत कुठेच सांगितलेलं नाही. महिनाअखेरीला सिनेमा येणार होता आणि त्यात म्हणे ते गुपित फुटणार होतं. झालं! टकळीच्या वर्गात दुसरा विषय उरला नाही. एक म्हणे सूड. एक म्हणे त्याला शहराची जमीन बळकावायची होती. एकीचं म्हणणं, त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. टकळी स्वतःच्या मोबाइलवर व्हिडिओ करून आपले तर्क जगाला ऐकवायची.

एका रविवारी दुपारी तिने सिनेमाची झलक आजोबांच्या नाकासमोर धरली. "बघा हो आजोबा. इथे तो धरण उघडतो."

पडद्यावर हातमोजे घातलेले दोन हात, लोखंडी चाक आणि हलणारे ओठ. हात चाक डावीकडे फिरवत होते. नळ उघडावा तसं. मग धाडकन पाणी.

चाकदादांनी चहाची बशी खाली ठेवली. सिनेमातल्या माणसाबद्दल बोलताना कोण सावध असतं? तीस वर्षांची विद्या तोंडातून सुटली.

"छे छे, तो उघडत नाहीये गं. बंद करतोय."

"काय?"

"धरणाचं चाक नळाच्या उलट असतं. उजवीकडे फिरवलं की दरवाजा वर, डावीकडे फिरवलं की खाली. हा मोजतोयसुद्धा बघ, ओठ बघ त्याचे. उघडलाय दुसऱ्याच कुणीतरी. हा बिचारा धावत आलाय आणि जीव तोडून बंद करतोय."

टकळी किंचाळलीच. "म्हणजे तो खलनायकच नाही! आजोबा, तुम्ही ग्रेट आहात!" आणि धावली मोबाइल घेऊन.

स्वयंपाकघरात सून कांदा चिरत होती. विळीचा आवाज थांबला. चाकदादांनी तो थांबलेला आवाज ऐकला. बोलून बसलो आपण, असं त्यांच्या मनात आलं. पण सुटलेला शब्द काय परत गिळता येतो?

टकळीच्या व्हिडिओने धुमाकूळ घातला. "माझे आजोबा धरणावर होते, त्यांनी पकडलं" म्हणून तिने डांगोरा पिटला, आणि दोन दिवसांत चाळीस हजार लोकांनी तो पाहिला. शाळेत तिचा भाव वधारला. सगळ्यांचा आता एकच प्रश्न होता आणि टकळी जेवताना, दात घासताना तोच घेऊन आजोबांच्या मागे लागायची: "मग उघडलं कोणी?"

"मला काय ठाऊक," चाकदादा म्हणायचे. "सिनेमावाल्यांना विचार."

सुनेच्या भाजीत मीठ पडत नव्हतं. दूध दोनदा उतू गेलं. चौथ्या दिवशी ती त्यांच्या खोलीत आली, घड्या घातलेले कपडे खाटेवर ठेवले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, आपल्या धरणाचं चाकही तसंच होतं का?"

"सगळी चाकं सारखी नसतात," चाकदादा म्हणाले. खिडकीकडे बघून म्हणाले.

"चौकशीत तो दुकानदार म्हणाला होता, डावीकडे फिरवत होते. मी होते तिथे. मावशीच्या मांडीवर बसून मी सगळं ऐकलं. त्या साहेबांनी तुम्हालाच विचारलं, डावीकडे फिरवलं की उघडतो ना? तुम्ही हो म्हणालात."

"एवढं जुनं कुणाला आठवतंय पोरी."

"मला आठवतंय," ती म्हणाली आणि गेली.

आठवत नव्हतं कसं? म्हाताऱ्याला सगळं आठवत होतं, आणि खोटं कशाला बोलू, रोज आठवत होतं. फोन आला होता: तीन नंबरला दहा फेरे द्या. नियम असा, की आधी तीनदा भोंगा, मग अर्धा तास थांबायचं, मग चाकाला हात. त्या आठवड्यात पाचदा भोंगा वाजवला होता आणि पाचही वेळा पात्रात चिटपाखरू नव्हतं. जोडीदार खाली नदीच्या वाटेला गेला होता. डबा निवत होता. एवढंच, बाकी काही नाही. सूड नाही, पैसा नाही, डोकं फिरलेलं नाही. भूक लागली होती आणि अर्धा तास थांबायचा कंटाळा आला होता. दहा फेरे उजवीकडे देऊन चाकदादा खोलीत जाऊन जेवायला बसले. जोडीदाराने खालून पाणी पाहिलं, बायका पाहिल्या, आणि तो दोनशे पायऱ्या चढून धावत आला.

चौकशी शहरातल्या कचेरीत झाली. विचारणाऱ्या साहेबाने जन्मात धरणाचं चाक पाहिलेलं नव्हतं. इंजिनियर दोन महिन्यांचा नवखा होता, फोन त्याचाच होता, आणि प्रकरण एकाच्या अंगावर शेकून मिटलं तर त्याला हवंच होतं. जोडीदार घसा फोडून सांगत राहिला, मी बंद करत होतो. मग सगळ्यांनी ज्येष्ठ म्हणून चाकदादांकडे पाहिलं. "हो," एवढा एकच शब्द. पुढे चाकं गेली, मोटारी बसल्या, दुकानदार मेला, इंजिनियर मेला. ते चाक कुणीकडे फिरायचं हे ठाऊक असलेला माणूस या जगात एकच उरला होता.

आणि आणखी एक गोष्ट होती. ती तर त्यांना मोजण्यातही घेता येत नव्हती. जोडीदार सुटून आला तो स्टँडामागच्या एका खोलीत एकटा राहिला. लेक त्याचं तोंड बघत नव्हती. अकरा वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातून निरोप आला, शेवटचं एकदा भेटायला ये. तेव्हा सुनेने सासऱ्यालाच विचारलं होतं, "जाऊ का, बाबा?" ती गेली तर तो सांगेल, ही भीती. चाकदादा म्हणाले होते, "तुझं तू बघ." ती गेली नाही.

सिनेमा लागला. शनिवारी दुपारचा खेळ बघून टकळी घरी आली ती चपला भिरकावतच.

"आजोबा, तुमच्यामुळे माझं हसं झालं! तो उघडतच होता. शेवटी स्वतःच्या तोंडाने सांगतो, सूड म्हणून. सगळा वर्ग मला चिडवतोय. तुमचं चुकलं!"

चाकदादांच्या छातीवरचा धोंडा कुणी उचलावा तसं झालं. सिनेमावाल्यांना चाक कुणीकडे फिरतं हे ठाऊक नव्हतं, आणि त्या अडाण्यांनी म्हाताऱ्याला वाट काढून दिली होती. दारात सून उभी होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्यांना नीट दिसलं: हो म्हणा, अशी विनवणी होती. कारण म्हातारा बरोबर असला तर तिने कुणाला एकटं मरू दिलं होतं?

"चुकलं असेल गं," चाकदादा म्हणाले. "वय झालं. उजवं-डावं कळत नाही आता."

टकळी पाय आपटत आत गेली. सून जागची हलली नाही. मग वळली, स्वयंपाकघरात गेली आणि साखरेची बरणी घेऊन आली.

"जरा उघडून देता?"

त्यांनी बरणी घेतली. मनात पक्कं केलं, डावीकडे. डावीकडेच. पण हात का मनाचं ऐकतात? मनगट आपोआप उजवीकडे गेलं आणि झाकण कुरकुरत आवळलं. म्हातारा तिथेच थिजला.

सोळा वर्षं ती या गोष्टीला हसली होती. आज हसली नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. बरणी काढून घेतली. मग भिंतीला टेकून खाली बसली, आणि तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "माझे अण्णा खरं सांगत होते. सुटून आले तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, मला तुमची लाज वाटते. त्यांच्या खोलीच्या दारातूनच म्हटलं होतं. आत गेले नाही."

"मी उघडला," चाकदादा म्हणाले. "मला भूक लागली होती."

ती रडली नाही. चाकदादांना वाटलं, शिव्या दे, हात उगार, घरातून हाकल, काहीतरी कर. ती उठली ती टकळीला हाक मारायलाच.

"मोबाइल आण तुझा. आजोबांना सांगायचंय, उघडलं कोणी ते."

टकळीचं तोंड फुगलेलंच होतं. "आता काय उपयोग? सिनेमा आला ना!"

"आण म्हटलं ना."

पोरीने मोबाइल समोर धरला. चाकदादांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. एकोणतीस वर्षं जे घशात अडकलं होतं ते एकदम बाहेर आलं: तीन नंबरचा दरवाजा, भोंगा वाजवला नाही, दहा फेरे उजवीकडे, डबा, पाच माणसं, जोडीदाराचं नाव, चौकशीतलं ते "हो". बोलून झालं तेव्हा अंग घामाने भिजलं होतं.

टकळीने मोबाइल खाली घेतला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आजोबांकडे बघेना, आईकडे बघेना.

"आई," ती हळू म्हणाली, "मी चालूच केला नव्हता. मला वाटलं, सिनेमाचं सांगतायत."

चाकदादांनी सुनेकडे पाहिलं. घरातल्या दोघींनी ऐकलं, तेवढं पुरे, असं ती म्हणेल, अशी वेडी आशा त्यांना वाटली.

सुनेने लेकीच्या हातातला मोबाइल सरळ केला आणि म्हाताऱ्याच्या समोर धरला.

"पुन्हा सांगा, बाबा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."