फ्रीझरमधला मका

ऑगस्ट संपत आला की इथं परदेशात, आमच्या मार्कहॅम शहराच्या उत्तरेला शेतांच्या कडेने टेबलं लागतात आणि त्यावर स्वीट कॉर्नचे ढीग. नवरा गोदामात रात्रपाळी करतो. एका शनिवारी सकाळी घरी येताना तो मक्याचं अख्खं पोतं घेऊन येतो, किचनच्या दारात टेकवतो आणि वर झोपायला जातो. पुढचं सगळं माझ्याकडे.

मका थांबत नाही. आज तोडलेलं कणीस उद्या खाल्लं तर गोडी निम्मी झालेली असते. म्हणून त्याच दिवशी सोलायचं, उकळत्या पाण्यात थोडा वेळ घालायचं, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचं, दाणे कापायचे, टॉवेलवर कोरडे करायचे आणि पिशव्यांत भरायचे. ऐकायला सोपं आहे. मी म्हाताऱ्यांच्या होममध्ये काम करते. आठवडाभर माणसांना उठवून बसवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. शनिवारी माझी कंबर माझी राहिलेली नसते.

त्या वर्षी सासूबाई वसईहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या बॅकयार्डमध्ये पाट घेऊन बसल्या आणि कणसं सोलू लागल्या. मक्याचे केस त्यांच्या साडीला चिकटत होते.

"इथं दुकानात वर्षभर मिळतो ना गं मका, बाय? मग एवढी मरमर कशाला?" त्यांनी विचारलं.

"त्याला चव नसते, आई."

"आणि ह्याला जानेवारीत असते?"

"असते थोडी," मी म्हणाले. खरं म्हणजे आम्ही दरवर्षी करतो म्हणून करतो, याहून चांगलं कारण माझ्यापाशी नव्हतं. संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांची टोकं सुरकुतली होती, सुरी धरायचा अंगठा दुखत होता आणि जमीन पायाला चिकटत होती. मुलगी सॉकरहून आली, पाण्याची बाटली भरून घेतली आणि "इट स्मेल्स लाइक अ फार्म" म्हणून वर निघून गेली. पिशव्या मी बेसमेंटमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये रचल्या. झाकण लावताना वाटलं, चला, एक काम संपलं.

नोव्हेंबरमधली गोष्ट. गुरुवारी कामावरून आले आणि सूपसाठी एक पिशवी काढायला खाली गेले. फ्रीझर उघडला तर नेहमीसारखी वाफ आली नाही. वरची पिशवी हातात मऊ लागली. तळाशी पाणी साचलं होतं. मी मागे वाकून बघितलं. फ्रीझरचा प्लग जमिनीवर पडलेला होता आणि सॉकेटमध्ये छोट्या हीटरची वायर होती.

मी जॅकेटसकट जिन्याच्या पायरीवर बसले. मला राग यायला हवा होता, पण रागाला लागते तेवढी ताकदही उरली नव्हती. डोक्यात एवढंच चाललं होतं, की आता हे सगळं वर न्यायचं.

सासूबाई जिन्याच्या वरच्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या. मी वर का आले नाही ते बघायला आल्या असणार. त्यांनी उघडा फ्रीझर बघितला, मग माझ्याकडे बघितलं. कठडा धरून हळूहळू खाली आल्या.

"मीच काढला तो," त्या म्हणाल्या. "दिवसा तुझा नवरा वर झोपलेला असतो. माझा आवाज मोठा. म्हणून मी फोन घेऊन इथं येते. इथं थंडी वाजते, मग हीटर लावते. रोज आठवणीने प्लग परत घालते."

"मग आता कसा राहिला?"

सासूबाई पिशव्या दाबून बघू लागल्या. बराच वेळ दाबल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "परवा फोन तुझ्या मावशीने नाही उचलला. तिच्या सुनेने उचलला. मावशी बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन करायचं म्हणतात."

मावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. वसईला दोघींची घरं एकाच आळीत. मीही लग्नानंतर तिच्या हातचं खूप खाल्लं आहे.

"आई, दोन दिवस झाले. सांगितलं का नाही?"

"कोणाला सांगू? तो झोपलेला. तू येतेस तेव्हा तुझ्याने बूटसुद्धा काढवत नाहीत. पोरगी कानात ते घालून बसते." त्यांनी पदराने हात पुसले. "रोझरीची माळ जपली. झालं."

मी सरकून त्यांना पायरीवर जागा करून दिली. त्या बसल्या. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता, ठेवलाही असेल, आता नीट आठवत नाही. कामावर दिवसभर मी परक्या माणसांना विचारते, दुखतंय का, काय हवंय. घरात कोणी विचारायचं, हे कोणाच्याच वाटणीला आलेलं नव्हतं.

वरच्या मऊ झालेल्या पिशव्या आम्ही टाकून दिल्या. मधल्या आणि खालच्या पिशव्यांत अजून बर्फ कचकचत होता. त्या लगेच शिजवल्या तर चालणार होत्या. मी म्हणाले, "जाऊ दे आई, सगळंच टाकू." पण त्या ऐकेनात. नवरा उठला, खाली आला, ऐकून घेतलं आणि कामावर जायच्या आधी सगळं वर वाहून नेलं. वसईला अजून पहाट होती. थोडं उजाडू दिलं आणि त्याने फोन लावून स्पीकरवर ठेवला. मावशीची सून म्हणाली, ऑपरेशन उद्या सकाळी आहे. सासूबाई शेगडीपाशी उभ्या राहून मोठमोठ्याने तिला सूचना देत होत्या आणि त्यांना कोणी हळू बोला म्हटलं नाही.

त्यांनी नारळाचं दूध आणि वसईहून बाटलीत भरून आणलेला घरचा बाटली मसाला घालून दाण्यांची भाजी केली. मी मोठ्या पातेल्यात सूप लावलं. उरलेले दाणे वाटून, मिरची-कोथिंबीर घालून कीस केला. मुलगी वासाने खाली आली, चमचाभर भाजी खाल्ली आणि न सांगता डबे पुसून द्यायला लागली. सूप गार करून डब्यांत भरलं आणि फ्रीझर पुन्हा गार झाल्यावर त्यात ठेवलं. भाजी शेजारी दिली, थोडी चर्चमधल्या एका बाईंना दिली.

मावशीचं ऑपरेशन नीट झालं. ख्रिसमसपर्यंत ती वॉकर धरून अंगणात येऊ लागली. बिल वाचवायला दिवसा बंद करायचो ती घरातली हीट आता आम्ही चालू ठेवतो आणि सासूबाई फोनवर किचनमध्येच बोलतात. नवरा कानात बोळे घालून झोपतो. कधी कधी उठतो, कुरकुर करतो, मग खाली येऊन मावशीशी दोन शब्द बोलून परत झोपायला जातो.

जानेवारीत एकदा कामावरून येऊन, दारातला बर्फ फावड्याने बाजूला करून आत आले तेव्हा सासूबाईंनी सूप गरम करून ठेवलं होतं. एकदा शिजून पुन्हा गोठलेलं, दाणे जरा चिवट झालेले. त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आज कोणाला अंघोळ घातलीस?" मी खाता खाता सांगत राहिले.