म्हसवडच्या काकूंचा नवा खुबा

मिरजेच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर म्हसवडच्या एक काकू होत्या. त्यांचा डावा खुबा आठ दिवसांचा होता. माझा डावा खुबा एकोणीस वर्षांचा होता आणि रोज दुखत होता. दुखणं कमी व्हावं म्हणून माझ्या पायाला पट्टी बांधून, दोरीने खाटेच्या टोकाशी वजन टांगून ठेवलं होतं. त्यामुळे दिवसभर मी दोनच गोष्टी करू शकत होते, छताकडे बघणं किंवा काकूंकडे बघणं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या घरात मज्जातंतूंचा एक आजार आहे. आजोबांकडून तो वडिलांकडे आला आणि वडिलांकडून माझ्याकडे. धाकट्या भावाला तो मिळाला नाही, आणि तो जिने दोन-दोन पायऱ्या गाळून चढतो. माझं पाऊल घोट्यापाशी लोंबतं, म्हणून चालताना टाचेआधी बोटं टेकतात आणि फट् असा आवाज होतो. साताऱ्याच्या शाळेत मुली मान वर न करता सांगायच्या, कोण वर्गात आलं ते. खुब्याचं दुखणं याच आजाराच्या मागून आलं. स्नायूंनी नीट धरून ठेवलं नाही, म्हणून खुब्याची वाटी उथळ राहिली. हाड बसवता येईल, पण ते धरून ठेवणारे स्नायू कुठून आणायचे, असं डॉक्टर आईला म्हणाले होते. ऑपरेशन करायचं की नाही, हे अजून ठरत नव्हतं.

काकूंना म्हशीने ढकललं, खुबा मोडला आणि डॉक्टरांनी नवा बसवला. एवढंच. त्यांच्या दुखण्याला एक सकाळ होती, एक म्हैस होती आणि आता शेवटही होता. तिसऱ्या दिवशी त्या वॉकर धरून उभ्या राहिल्या, पाचव्या दिवशी खिडकीपर्यंत गेल्या. मी त्यांची पावलं बघत असे. टाच, मग तळवा, मग बोटं. आवाज अजिबात नाही. वयाने माझ्या दुप्पट असलेल्या, सही करताना अडखळणाऱ्या बाईचा मला इतका हेवा वाटत होता की त्या दिसू नयेत म्हणून मी पुस्तक तोंडासमोर धरायचे. पान मात्र उलटत नव्हते.

त्यांना ते कळलं नाही. त्यांना मी आवडायचे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिलेला कागद इंग्रजीत होता, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"वाच की गं, काय काय करायचं न्हाई त्यात."

मी वाचलं. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, गुडघ्याहून खाली वाकायचं नाही. नाहीतर नवा खुबा निसटेल.

"लय पुस्तकातल्यावानी बोलतीस," त्या हसल्या. "आन् भाकरी कशी थापायची मग?"

"उभ्याने. ओट्यावर."

"उभ्यानं थापल्याली भाकरी फुगंल व्हय?" त्यांनी खाली बसलेल्या आपल्या बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "तू फुगलीयास तेवढं बास हाय." दोघी हसल्या. मीही थोडीशी हसले आणि कागद परत दिला.

त्यानंतरच्या दुपारी आई थर्मास घेऊन चहा आणायला खाली गेली होती. काकूंची बहीण नळावर कपडे धूत होती. काकू खिडकीशी, दोन उशा घातलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या. तेवढ्यात दारातून एक म्हातारे गृहस्थ आले. डोक्याला फेटा, हातात एसटीच्या प्रवासाने चुरगळलेली पिशवी.

"मामंजी," असं पुटपुटत काकूंनी पदर डोक्यावर घेतला. ते सासरे होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आले होते.

मग मी जे बघितलं, ते नीट सांगते. काकूंनी उजव्या हाताने खिडकीचा गज धरला. कमरेच्या वरचा भाग पुढे आला. त्या खुर्चीवरून उतरत होत्या, जमिनीवर बसण्यासाठी. सासरे उभे असताना सून खुर्चीवर बसत नाही. कागदावरचं सगळं त्यांना पाठ होतं, पण ही सवय त्याहून जुनी होती.

मला ते पहिल्याच हालचालीला समजलं. मी ओरडायला हवं होतं. मला उठता येत नव्हतं, पण तोंड मोकळं होतं. परक्या पुरुषासमोर मोठ्याने बोलायची लाज वाटली, असं मी नंतर स्वतःला बरेच दिवस सांगितलं. लाज होतीच. पण लाजेच्या खाली दुसरं काहीतरी होतं. ते म्हणत होतं, बसू दे. निसटू दे. मग दोघींच्या पायांना वजनं लागतील.

त्यांचा डावा गुडघा वाकू लागला.

"काकू, खाली नाही," मी म्हणाले. आवाज एवढासा आला. मग पुन्हा, या वेळी मोठ्याने, "काकू, नाही."

त्या अर्ध्यातच थांबल्या. चेहरा पांढरा पडला होता. नर्स धावत आली आणि तिने काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. संध्याकाळी खुब्याचा एक्स-रे काढला. खुबा जागेवर होता.

"ही पोरगी वरडली म्हणून वाचले," असं काकू त्या दिवशी दिसेल त्याला सांगत होत्या. त्यांच्या बहिणीने मला बळेच शेंगदाण्याचा लाडू खायला लावला. मी तो खाल्ला. मी किती वेळ गप्प होते, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दोन दिवसांनी त्यांना घरी सोडलं. न्यायला सासरेच आले होते. निघायच्या आधी काकूंनी तो कागद पुन्हा माझ्या हातात दिला.

"मामंजींना वाचून दाव एकदा. घरात समद्यांस्नी ठावं असू दे."

म्हातारबाबा स्टुलावर बसले आणि फेटा सारखा करून माझ्याकडे बघू लागले. मी जमिनीचं वाचलं, मांडीचं वाचलं, शेवटचं वाकण्याचंही वाचलं. कागद तिथे संपत होता. मी नजर कागदावरून न हलवता पुढे वाचलं, "सासू-सासरे किंवा मोठी माणसं समोर आली, तरी खुर्चीवरून उतरायचं नाही. निदान वर्षभर."

काकूंनी माझ्याकडे चमकून बघितलं. गेल्या खेपेला हे नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"डाक्टरनंच लिवलंय?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग तसंच करायचं," ते सुनेकडे न बघता म्हणाले. "आमी काय परकं हाय व्हय? बसायचं खुर्चीवर."

काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग वॉकर पुढे टाकत दाराकडे निघाल्या. टाच, तळवा, बोटं. मी कान देऊन ऐकत होते. काही आवाज आला नाही. मला पुन्हा हेवा वाटला, पहिल्याइतकाच. मी पुस्तक तोंडासमोर धरलं नाही. त्या जिन्याकडे वळेपर्यंत बघत राहिले.